अंधाऱ्या स्फोटाचा उजेड

३० ऑक्टोबर, गुरुवार

आई कापसाच्या ट्रॉलीवरून उतरताना घसरली आणि डाव्या पायाच्या नडगीचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. आबांचा, माझ्या वडिलांचा, फोन आला, "ये" एवढंच म्हणाले. काल संध्याकाळी पुण्याहून घरी पोचले, तर ही खाटेवर बसून वेचणीच्या बायांना हाका मारत होती, जणू पाय दुसऱ्याच कुणाचा मोडलाय.

"तू कशाला आलीस? तुझं कॉलेज बुडंल."

"कॉलेज न्हाई आई, संस्था आहे ती. मी पीएचडी करून राह्यले ना."

"तेच की. रोज काय करतीस तिथं?"

चार वर्षं झाली. या प्रश्नाचं धड उत्तर मला एकदाही देता आलेलं नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

गावात फोनला रेंज येते ती फक्त गच्चीवर, आणि तीही मेसेज येण्यापुरती. काम करायचं तर घनसावंगी गाठायला हवी. तिथे बसस्टँडसमोर मच्छिंद्रदादाचं ऑनलाईन सेवा केंद्र आहे. हा माझा चुलतभाऊ. आधार, पीकविमा, सातबारा, परीक्षेचे फॉर्म, सगळं करतो. त्याच्याकडे बरं इंटरनेट आहे. मागच्या खोलीतला एक कंप्युटर त्याने मला दिला.

"आभाळातलं काम मागं कर, जमिनीवरचं मी पुढं करतो," म्हणाला.

त्या कंप्युटरवरून पुण्याच्या संस्थेतलं मोठं गणकयंत्र चालवता येतं. म्हणजे सकाळी आईचं आवरून जीपने जायचं, दुपारी परत यायचं. जमेल असं वाटतंय.

५ नोव्हेंबर, बुधवार

काबरा मॅडमचा फोन. त्या माझ्या मार्गदर्शक. डॉ. राजनंदिनी काबरा, मूळच्या जालन्याच्याच, मस्तगडातल्या कापड व्यापाऱ्यांच्या घरातल्या. आईची चौकशी केली, कोणत्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं तेही विचारलं, आणि लगेच म्हणाल्या, "मार्चमध्ये शिष्यवृत्ती संपते. तिसऱ्या प्रकरणाचं काय?"

तिसरं प्रकरण म्हणजे माझा जुना हट्ट. एखादा प्रचंड तारा कोसळतो तेव्हा गॅमा किरणांचा स्फोट होतो. काही सेकंद, फार तर काही मिनिटं. पण त्यातून सुटलेला झोत भोवतीच्या वायूवर आदळतो आणि मागे एक उजेड रेंगाळतो. आधी क्ष-किरणांत, मग डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या प्रकाशात, मग मिलिमीटर लांबीच्या लहरींत. काही स्फोटांच्या मागे साधा प्रकाश दिसतच नाही. त्यांना अंधारे स्फोट म्हणतात, आणि 'काही नाही' म्हणून बरेच जण सोडून देतात. माझं म्हणणं, यातल्या बऱ्याच स्फोटांत उजेड असतो, पण धूळ तो गिळते. मिलिमीटर लहरी धुळीतून आरपार येतात. म्हणून अंधाऱ्या स्फोटांकडे मिलिमीटरमध्येच बघायला हवं, आणि पहिल्याच दिवशी.

मॅडमना ते पटलेलं नाही. "लिहून दे," म्हणाल्या होत्या. मी लिहून दिलं. त्यावर सहा पानं पेन्सिलने भरून परत आली. कुठेही 'चूक' असं लिहिलेलं नव्हतं. नुसते प्रश्न होते.

अशा माणसाच्या हाताखाली शिकायला मिळणं हे भाग्यच, पण भीती वाटते. मॅडमनी उमेदीची कितीतरी वर्षं रेडिओ दुर्बिणीच्या एकाच डिशने असे उजेड शोधण्यात घालवली. बहुतेक वेळा काहीच हाती लागलं नाही. ते 'काहीच नाही' सुद्धा त्यांनी दरवेळी प्रसिद्ध केलं, किती बारीक बघितलं होतं त्याच्या आकड्यासह. इतर लोक असं रिकामं पान कपाटात ठेवून देतात. आज सगळं जग त्यांचे ते रिकामे आकडे वापरतं.

९ नोव्हेंबर, रविवार

आईने पुन्हा विचारलं. तिचे केस विंचरता विंचरता मी सांगायचा प्रयत्न केला.

"म्हंजे तारा इझला."

"हो."

"अन् तू इझलेलं बघून राह्यली."

"विझताना जे उरतं ना, ते. त्याच्यावरून तारा कसा होता, भोवती काय होतं, ते कळतं."

"अन् ते मोबाईलवर दिसतं?"

"न्हाई गं. चिली म्हणून देश आहे. तिथं वाळवंटात, उंच डोंगरावर, पुष्कळ डिशा मांडल्यात. त्या सगळ्या मिळून एक दुर्बीण."

"तुझी हाय का ती?"

"सगळ्या जगाची. वर्षातून तीनदा आम्हाला म्हणता येतं, तुमचं चाललेलं काम थांबवा अन् आमच्या स्फोटाकडे वळा. दोनदा म्हणून झालं. एकदाच उरलंय."

आई म्हणाली, "मंग ते नीट ठेव. उगा कुटं घालवू नको."

मॅडमचा सगळा संशोधनगट हेच म्हणतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

परतूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राची कायम जागा निघाली आहे, मुलाखती शुक्रवारीच. आबांनी जाहिरात आणून खाटेवर ठेवली, बोलले काही नाहीत. आईच बोलली: परतूर किती जवळ, दर रविवारी घरी येता येईल, स्वतःचं घर करता येईल. तिचं चुकत नाही. आणि मला खरंच माहीत नाही की मार्चनंतर मी कोण असणार आहे.

मॅडमना फोन करून सांगितलं. "मुलाखतीला जाऊन ये," एवढंच. नाराजी होती की नव्हती, कळलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मुलाखत बरी झाली. प्राचार्यांनी विचारलं, संशोधन सोडवेल का? मी "हो" म्हणाले. जीपमध्ये परत येताना ते 'हो' मी मनात चारदा खोडलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मॅडम आठवडाभर जालन्यात आहेत. पुतण्याचं, अमनचं लग्न. रविवारच्या रिसेप्शनचं मलाही बोलावणं आहे. पण मुलाखतीनंतर त्यांचा एकही फोन नाही. मी मनातून उतरले बहुधा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काय काय झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या आठवणार नाही.

सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. फोन वाजला, उपग्रहाची सूचना: गॅमा किरणांचा स्फोट. पाठोपाठ क्ष-किरणांतली जागाही आली. क्ष-किरणांत चांगलाच ठळक होता. हातातलं लुगडं तसंच दोरीवर टाकून घनसावंगीची जीप पकडली.

केंद्रात पोचेपर्यंत वेगवेगळ्या देशांतल्या दुर्बिणींचे निरोप आले होते. त्या जागी साध्या प्रकाशात काहीही नाही. मोठ्या आरशाच्या दुर्बिणीलाही नाही. निरोप हळूहळू थांबले. लोकांनी पान उलटलं होतं.

क्ष-किरणांत एवढा ठळक, आणि डोळ्याच्या प्रकाशात ठार अंधार. मी चार वर्षं ज्याच्याबद्दल बोलतेय नेमका तसा.

मॅडमना फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नाहीच. मग त्यांचा मेसेज आला: "हळद चालू आहे. आवाजात ऐकू येणार नाही. नेटही खराब. तू बघ."

तू बघ! मी आकडे, आलेख, सगळं पाठवलं. निळ्या खुणा लगेच आल्या, मध्येच नेट आलं असेल. उत्तर नाही. मी विचारलं, "मॅडम, वापरू का?" तिथेही निळ्या खुणा. उत्तर नाही.

विनंती कोण पाठवू शकतं म्हणून जूनमध्ये त्यांनी दुर्बिणीकडे दोन नावं दिली होती, त्यांचं आणि माझं. म्हणजे मला हक्क होता. पण मी कोण? मार्चनंतर कदाचित परतूरला फळ्यावर न्यूटनचे नियम लिहीत असेन. सगळ्या गटाची शेवटची संधी मी कशी खर्चू? या वर्षीच्या संधींची मुदत संपायला दोन महिने बाकी आहेत. उद्या याच्या दसपट ठळक स्फोट झाला तर? आणि इथे काहीच दिसलं नाही तर?

मच्छिंद्रदादा आत डोकावला. "काय झालं? सर्व्हर डाऊन?"

"न्हाई दादा. एक अर्ज भरायचाय."

"मंग भर की."

"एकदाच भरता येतो. चुकला तर परत न्हाई."

"आपल्याकडचे सगळे अर्ज तसेच असतेत." त्याने पुढच्या माणसाला थांबायला सांगितलं आणि स्टूल ओढून माझ्या शेजारी बसला. "तुला भरायचा हाय का न्हाई, एवढं सांग."

मी डोळे मिटून स्वतःला विचारलं. मॅडमची सहा पानं आठवली. त्यातल्या प्रत्येक प्रश्नाला आज माझ्याकडे उत्तर होतं. पटणं न पटणं वेगळं, पण उत्तर होतं.

"भरायचाय."

"बराबर. मी आकडे वाचतो, तू पडद्यावर बघ. आकडा चुकला की सगळं गेलं, हे आपलं रोजचंच काम."

आभाळातल्या त्या जागेचे आकडे त्याने एखाद्याचा आधार नंबर वाचावा तसे मोठ्याने, सुटे सुटे वाचले. दोनदा. मी पाठवलं. 

दुपारी उत्तर आलं. विनंती मान्य. पहिली संधी मिळताच डिशा वळवू.

घरी आले तर आई म्हणाली, "अर्धं लुगडं मातीत लोळून राह्यलंय." मी ते परत धुतलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आहे.

आहे, आहे, आहे. तिथे उजेड आहे.

मोजमाप दुपारी हातात आलं. पुण्याच्या यंत्रावर चित्र तयार व्हायला वेळ लागत होता आणि मी पडद्याकडे पाठ करून बसले होते. पुढे कुणी म्हातारे बाबा पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा लावत होते, अंगठा उमटत नव्हता, दादा त्यांना म्हणत होता, "बाबा, जोरात दाबा, जिवंत आहात ना?" वळले तर काळ्या चौकोनात मधोमध एक ठिपका. मी अंदाज बांधला होता त्याच्या दुप्पट तेजस्वी.

मी ओरडले असणार, कारण बाबासुद्धा आत बघायला आले. त्यांनी ठिपका बघितला, मान हलवली आणि म्हणाले, "चांगलंय."

मॅडमना पाठवलं. या वेळी उत्तर लगेच: "नुसता गोंधळ किती आणि खरा ठिपका किती, दोन पद्धतींनी मोज. मग जगाला कळव. तुझ्या नावाने."

दोन्ही पद्धतींनी मोजला. खरा आहे. संध्याकाळी जाहीर केलं. काल पान उलटून गेलेले लोक आता विचारतायत, नेमकी जागा सांगा.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दुसरं मोजमाप, एका विनंतीत दोन मिळतात. उजेड पहिल्याच्या तिसऱ्या भागावर आलाय. इतक्या झपाट्याने उतरतोय म्हणजे पहिल्या दिवशी दिसलं ते झोत वायूवर आदळल्यावर उलट त्याच्याच पोटात शिरलेल्या धक्क्याचं तेज असावं. ते फक्त मिलिमीटरमध्ये आणि फक्त सुरुवातीलाच असं पकडता येतं. एक दिवस थांबले असते तर गेलं असतं.

आणि आम्ही दिलेल्या नेमक्या जागेवर एका मोठ्या दुर्बिणीने बराच वेळ टक लावली, तेव्हा एक अगदी पुसट, लालसर दीर्घिका सापडली. धुळीने भरलेली. अंतरही कळलं. तो उजेड नऊ अब्ज वर्षं चालत आलाय.

२३ नोव्हेंबर, रविवार, जालना

रिसेप्शनला गेले. मॅडमना आयुष्यात पहिल्यांदा साडीत पाहिलं, आणि पुतण्याच्या मित्रांसोबत हसताना. मला पाहून नुसतं "जेवून घे" म्हणाल्या.

पंगतीत शेजारी मंजूभाभी बसल्या, मॅडमच्या भावजय, नवऱ्या मुलाची आई. मी कोण ते कळल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला.

"अच्छा, ती तू! अगं, मंगळवारी हळदीत तुझाच फोन वाजत होता ना? दीदी आतल्या खोलीत फोन समोर ठेवून बसल्या होत्या. मी म्हटलं, दीदी, उचला ना, मुलगी घाबरली असेल. तर म्हणे, उचलला तर मी बोलून जाईन. लॅपटॉपवरून नजर हलेना. आम्ही हळद लावायला बोलावून थकलो. मग एकदम काहीतरी वाचलं, उठल्या, आणि सरळ बाहेर येऊन बायकांत नाचल्या. दीदी नाचल्या! आमच्याकडे व्हिडिओ आहे."

 म्हणजे नेट खराब नव्हतं, आणि मी विनंती पाठवल्याचा निरोप दुर्बिणीकडून त्यांनाही गेला होता. त्या बघत होत्या. मी त्या मागच्या खोलीत एकटी बसले होते, आणि त्या तिकडे बसून बघत होत्या.

राग आला. खरं लिहायचं तर खूप राग आला. परीक्षा घेत होत्या का माझी?

जेवण झाल्यावर मांडवाच्या मागे गाठलं. "मॅडम, तुम्ही मुद्दाम फोन उचलला नाही."

"हो."

"का? मला जमतं का ते बघायला?"

"तुला जमतं हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे." त्यांनी हातातलं तबक खुर्चीवर ठेवलं. "शीतल, मी उचलला असता तर 'नको' म्हणाले असते."

मी मांडवाच्या खांबाला टेकले.

"मला तो स्फोट वाया घालवण्यासारखा वाटत होता. बिलकुल पटत नव्हतं. पण तुझं लिखाण मी सहा पानं भांडून वाचलं होतं आणि त्यात चूक दाखवता आली नव्हती. माझ्याकडे फक्त सवय होती, तुझ्याकडे कारण होतं. आणि माझ्या एका 'नको'वर तू थांबली असतीस."

"अन् काहीच दिसलं नसतं तर?"

"तर आपण दोघींनी तसं लिहिलं असतं."

इतकं बोलून त्या पाहुण्यांकडे गेल्या.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दिवसभर काम सुचलं नाही. राग गेलाय. आता काय आलंय त्याला नाव सापडत नाही. स्वतःच्या मताविरुद्ध, स्वतःच्या गटाची शेवटची संधी जात असताना, आपल्या शब्दाचं वजन ओळखून तो न उच्चारणं. मला कधी जमेल का? मला तर आईने भाजीत मीठ विचारलं तरी मत दिल्याशिवाय राहवत नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

परतूरहून फोन. निवड झाली. सोमवारपर्यंत कळवायचं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आईला सांगितलं की मी जाणार नाही, पुण्याला परत जाऊन प्रबंध पुरा करणार. पुढचं पुढे.

"मार्चनंतर खाशील काय?"

"बघीन."

"एवढं दिसलं ना तुझं ते? झालं की मंग! आता तरी बस घरी."

"आई, एक दिसलं म्हणून तर जायचंय. असे किती सोडून दिले असतील लोकांनी."

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. आबा बाहेर निघून गेले. परतूरला नकार कळवला. हे 'नाही' मनात एकदाही खोडलं नाही, याचं मलाच आश्चर्य.

३० नोव्हेंबर, रविवार

आई दोन दिवस बोलत नाहीये. पाणी दिलं की घेते, भांडं माझ्याकडे न बघता परत देते.

२ डिसेंबर, मंगळवार

दुपारी घनसावंगीहून आले तर ओसरीवर शेजारच्या दुर्गाबाई बसलेल्या. मी दाराबाहेरच थांबले, कारण आत माझंच चाललं होतं.

"मेलेला तारा बघती म्हणं तुझी लेक," दुर्गाबाई म्हणाल्या.

"मेलेला न्हाई गं," आई म्हणाली. "तो मेल्यावर जो उजेड निघाला ना, तो. सगळ्यांनी बघितला, कुणाला दिसला न्हाई, मधी धूळ व्हती. सगळे गेले निघून. हिनं धुळीतून पल्याडचं बघितलं. त्याला येगळ्या डिशा लागतेत. बसल्या जागी वळवल्या हिनं, आपल्या मच्छिंद्राच्या दुकानातून."

"अगं बया. मंग नोकरी का न्हाई म्हणली?"

"नोकरी काय, कुणीबी करंल."

मी पाच मिनिटं बाहेरच उभी राहिले. आत गेले तेव्हा आईचं तोंड पुन्हा भिंतीकडे होतं, पण चहा मागितला. माझ्याकडे.

५ डिसेंबर, शुक्रवार

शोधनिबंधाचा मसुदा पाठवला. पहिलं नाव माझं, शेवटचं मॅडमचं. त्यांनी छापील पानांचे फोटो परत पाठवले, समासात पेन्सिल. एका जागी लिहिलंय: "सुरुवातीला मार्गदर्शकाला ही निवड मान्य नव्हती, हेही नोंदव." मी ते खोडलं. त्यांनी परत लिहिलं. मी पुन्हा खोडलं. हा एक वाद मी हरणार नाही.

१० डिसेंबर, बुधवार, रेल्वेत

काल आईचं प्लास्टर निघालं. पाय बारीक झालाय, पण काठी घेऊन चालते. काठी वेचणीच्या बायांना दाखवायलाही वापरते.

आबा मला मोटारसायकलवर परतूर स्टेशनला सोडायला आले. गाडीला उशीर होता. बाकावर बसलो. या सहा आठवड्यांत आबा माझ्या कामाबद्दल एक शब्द बोलले नव्हते. ते रुळांकडे बघत म्हणाले,

"किती वर्षं म्हणलीस, तो उजेड चालत आला?"

"नऊ अब्ज वर्षं, आबा."

"तवा आपलं काय व्हतं?"

"काहीच न्हाई. पृथ्वी नव्हती. सूर्य पण नव्हता."

 मालगाडी गेली. सगळे डबे जाईपर्यंत आबा थांबले.

"म्हंजे तो फुटला तवा बघायला कुणी नव्हतं."

"आपल्यापैकी तरी न्हाई."

"एवढा मोठा तारा." त्यांनी माझी बॅग स्वतःकडे ओढली, पट्टा नीट लावला, परत माझ्या हातात दिली. "बरं झालं तू व्हतीस."